दंडावरचे दोन डाग

३ मे १९५४. चांदा.

खाट मिळाली ती ढेकणांची. उन्हात टाकली, उकळतं पाणी ओतलं, त्यातच दुपार गेली. शाळेला सुटी म्हणून वर्ग रिकामे आहेत, तिथेच आमची सोय. पुरुष मागच्या तीन वर्गांत. बाया दोघीच – मी आणि गिरजा मडावी. ती धानोऱ्याकडची, दवाखान्यात दाई आहे. दिवसभरात फार थोडं बोलली आणि तेही बहुतेक माठातल्या पाण्याबद्दल.

उन्हाळ्याच्या सुटीत मास्तरणींनी देवी टोचायला शिकावं असा हुकूम निघाला आणि मूल गावच्या शाळेतून माझं नाव गेलं. बाई सुई घेऊन आली तर गावातल्या बाया लेकरं बाहेर काढतील, असं वर कोणाला तरी सुचलं. हे मात्र बरोबर सुचलं. यांना आलापल्लीला कळवलं, लाकडाच्या डेपोतून त्यांचं उत्तर आलं – जा. झालं.

कमळीला चिचटोल्याला आईकडे ठेवलं. चार वर्षांची झाली तरी निघताना पदर सोडेना. आईने तिला मासे दाखवायला तळ्यावर नेलं, तेवढ्यात मी सटकले. सहा आठवडे. आईकडे आहे म्हणजे काळजी नाही, पण तिच्या केसांत उवा होणार हे नक्की.

४ मे

पहिला तास. शिकवायला डॉक्टर घाटे, नागपूरचे. बारीक अंगाचे, घसा बसलेला, पण समजावून सांगतात. उगाच मोठे शब्द नाहीत. म्हणाले, शरीर एकदा ज्या रोगाशी झुंजलं तो रोग ते विसरत नाही. पुन्हा तोच आला तर तयारीत असतं. लस म्हणजे त्या झुंजीची तालीम. वासराच्या अंगावरचा सौम्य रोग घ्यायचा, माणसाच्या दंडात टोचायचा, मग खरी देवी आली तरी शरीर तिला ओळखतं. पुढे बरंच होतं. रक्तात काय तयार होतं, पांढऱ्या पेशी काय करतात. मी सगळं उतरवून घेतलं. मागचे दोन मास्तर झोपले.

त्यांनी विचारलं, देवी येऊन गेलेला माणूस कोणी जवळून पाहिलाय? मी आईचं सांगितलं. तिच्या तोंडावर वण आहेत, लहानपणीचे. आसपास कुठेही देवी आली की तिलाच बोलावतात. ती जाते, लेकराला मांडीवर घेते, कडुनिंबाच्या पाल्याने वारा घालते, गाणी म्हणते. घरात फोडणी होऊ देत नाही. चार-चार दिवस तिथेच. तिला पुन्हा कधी काही झालं नाही. गावात म्हणतात, माता गुणाबाईला ओळखते.

डॉक्टर म्हणाले, "उलट आहे. गुणाबाईंचं शरीर मातेला ओळखतं."

सगळे हसले, मीही. पण रात्री एक जुनी गोष्ट आठवली. देवी आली की आई परक्यांची लेकरं मांडीवर घ्यायची आणि मला मात्र मामाकडे नागभीडला पाठवून द्यायची. दरवेळी. मामी मला भांडी घासायला लावायची. त्याचा राग अजून गेलेला नाही, हे आज कळलं.

५ मे

आज सगळ्यांचे दंड तपासले. पूर्वी टोचलं असेल तर तिथे डाग राहतो. माझ्या डाव्या दंडावर दोन आहेत, चवलीच्या नाण्याएवढे. डॉक्टर रांगेतून भराभर गेले. "आहेत? ठीक. पुढे." मग म्हणाले, डाग असले तरी ज्यांना देवीच्या घरी जायचंय त्यांनी पुन्हा टोचून घ्यायचं. एकमेकांना टोचा, हातही बसेल.

सुईला दात असलेली चकती असते. लशीचा थेंब दंडावर ठेवायचा, चकती टेकवायची आणि फिरवायची. रक्त येता कामा नये. मी गिरजाला टोचलं, तिने मला. आमच्या दोघींचं चांगलं झालं. एका मास्तरला घेरी आली. त्याच्या शाळेतल्या पोरांना हे कळवायला पाहिजे.

आज अक्षयतृतीया. मेंढाटोल्याला मालगुजाराच्या भाच्याचं लग्न आहे, अख्खा चिचटोला जेवायला गेला असेल. आईने कमळीला नवा परकर नेसवला असेल.

६ मे

बर्फ आला नाही. बाबुलाल चपराशी स्टेशनवरून हात हलवत परत आला. लशीच्या नळ्या डब्यात घालून विहिरीत सोडल्या. मलाही सोडा म्हणावं.

७ मे

सगळ्यांच्या दंडावर पुटकुळी आली, खाज सुटली. माझ्या दंडावर काहीच नाही.

डॉक्टर म्हणाले, ही पुटकुळी म्हणजे ओळख पटल्याची खूण. ज्याला पूर्वी टोचलंय त्याचं शरीर दोन दिवसांत उठतं आणि काम संपवून निजतं. उद्यापासून सुकायला लागेल. ज्याला कधीच टोचलेलं नाही, त्याला आधी काहीच दिसत नाही. चार-पाच दिवसांनी फोड धरतो, मोठा होतो, आठव्या दिवशी पाण्याने टच्च भरतो, ताप येतो. शरीर नवखं असतं, त्याला वेळ लागतो.

मी विचारलं, माझ्या दंडावर काहीच का नाही? "लस मेलेली असेल, नाहीतर टोचणाऱ्याचा हात हलका पडला असेल."

बाहेर आल्यावर गिरजा फुरंगटली. "माहा हात काऊन हलका पडन? शंभर बायांची बाळंतपनं केली या हातानं."

मी म्हटलं, माझी कातडीच निबर असेल. मास्तरकीत होते तशी.

९ मे, रविवार

बाजारात गेलो दोघी. कमळीला बांगड्या घेतल्या, लाल. गिरजाने तंबाखू घेतली आणि मला दाखवली नाही. परकोटाच्या सावलीत बसून टरबूज खाल्लं. दंड जरा खाजतोय.

१० मे

टोचल्यावर पुढे काय करायचं, त्यावर तास. डॉक्टर म्हणाले, "फोडावर शेण लावू देऊ नका, राख लावू देऊ नका. ती जागा पिकते, विष चढतं, लेकरू दगावतं आणि नाव लसीचं होतं. एक असं लेकरू गेलं की पुढची वीस वर्षं ते गाव आपल्याला दारात उभं करत नाही."

मला सुगंधा आठवली. म्हणजे आठवण्यासारखं काही नाही, ती माझ्या आधीची बहीण. दीड वर्षाची होऊन गेली. हात पिकून गेली एवढंच आई एकदा बोलली होती, तेही दुसऱ्या कोणाशी. काटा लागला असेल असं मी धरून चालले होते.

दुपारी जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर लावला. जिथे टोचणी कमी, तिथे तांबड्या टाचण्या. जिथे सगळ्यांच्या दंडावर डाग सापडले, तिथे हिरव्या. हिरव्या फार थोड्या. नागभीडच्या बाजूला एकच – चिचटोला! डॉक्टर म्हणाले, हे गाव बघा, शंभरातल्या शंभरांना डाग. इथे पथक पाठवायची गरज नाही, तो वेळ दुसरीकडे देऊ. हे कोणाचं गाव?

मी उभी राहिले. सांगितलं की आमच्याकडे आईच्या शब्दाबाहेर कोणी नाही, तिने म्हटलं टोचा की टोचतात. डॉक्टरांनी टाळ्या वाजवायला लावल्या. खोटं कशाला बोलू, छाती फुगली.

११ मे

वारलूभाऊ आला. आमच्या घराला लागून घर त्याचं, तळ्यातली मासेमारी त्यांच्याकडे. तळ्याच्या वादाची तारीख होती कोर्टात. आईने त्याच्याबरोबर कुरडया पाठवल्या.

बातमी चांगली नाही. मेंढाटोल्याला देवी आली. लग्नात नवरदेवाचा धाकटा भाऊ तापाने निजून होता, अंगावर पुरळ होतं. उन्हाळा बाधला म्हणाले. बाया आत जाऊन पाहून आल्या. आता कळलं ती देवी होती.

"आपली कमळी बी होती ना तिथी," वारलूभाऊ म्हणाला. "त्या पोराच्या खाटीवर बसून लाडू खाऊन राह्यली होती. पन तुमी फिकर नका करू बाई. आपल्या गावात साऱ्याईले डाग हायेत."

मी तरी कुठे फिकर करतेय. कमळीला टोचलंय, दोन डाग आहेत, मी स्वतः पाहिलेत. ती एक वर्षाची असताना आईने टोचून घेतलं, मी तेव्हा मूलला होते. चुकून सुद्धा काही होणार नाही. शिकले ते काय उगाच?

एकच खटकतं. मी लहान असताना देवी आली की आई मला लगेच नागभीडला पाठवायची. कमळीला का नाही पाठवलं? नातीच्या बाबतीत म्हातारीला सुस्ती आली म्हणायची.

१२ मे

ताप. काखेत गाठ. दंडावर फोड धरलाय, आज चांगला दिसतोय. तासाला गेले नाही. गिरजा ओलं फडकं ठेवून गेली. म्हणाली, "पाह्यलं? म्हनत होतो ना, माहा हात हलका नाई."

१३ मे

ताप आहे, तरी आजचं आजच लिहून ठेवते.

आज आठवा दिवस. फोड टच्च भरला, भोवती लाली. डॉक्टरांनी सगळ्यांना जवळ बोलावलं, पाहा म्हणाले, पहिल्या टोचणीचा फोड असाच दिसतो, पुस्तकात असतो तसा. मग मला म्हणाले, "बाई, तुम्हाला पूर्वी कधीच टोचलेलं नव्हतं."

मी म्हटलं, डॉक्टर, डाग आहेत ना. तुम्हीच पाहिलेत.

त्यांनी भिंग आणलं. त्या दिवशी भराभर पाहिलं, आज नीट पाहिलं. खऱ्या डागात बारीक खळगे असतात, पेरूच्या बिया दाबल्यासारखे. माझे डाग गुळगुळीत. कडेला काळपट. "हा भाजल्याचा वण आहे की कशाचा? देवी टोचल्याचा नाही हा."

त्यांना कळलं नाही. मला पाहताक्षणी कळलं. धोबी भिलाव्याच्या बीचं तेल लावून कपड्यांवर खूण करतो ती अशीच काळपट असते. बाबांच्या टाचेला भेग पडली की आई भिलावा तापवायची, सुईने टोचून त्याचं तेल लावायची. अंगाला लागलं तर फोड येतो, डाग राहतो. जन्मभर.

माझ्या दंडावर आईने भिलाव्याने डाग पाडले. टोचणीवाल्याला दाखवायला. आणि देवी आली की मला नागभीडला पाठवायची, कारण तिला ठाऊक होतं माझ्या अंगात काहीच नाही.

मग कमळीचे डाग?

तेही आईनेच "टोचून घेतले". मी तिथे नव्हते. मी ते भिंग लावून कधी पाहिलेले नाहीत. ते पोर त्या खाटेवर बसून लाडू खात होतं.

१४ मे

डॉक्टरांना सगळं सांगितलं. आईचं नाव घेताना लाज वाटली, तरी घेतलं. त्यांनी रजा दिली. देवीशी संबंध आल्यावर चार दिवसांत टोचलं तर उपयोग होतो, म्हणाले. लग्न पाचला झालं. आज चौदा. म्हणजे त्या लग्नापुरती वेळ गेलेली आहे.

"तरी टोचा," म्हणाले. "पूर्वी टोचलं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुटकुळी उठेल आणि बसेल. तर पोरगी सुरक्षित. नाही उठली तर..." पुढचं मला येतं, माझ्याच दंडावर शिकले.

आणखी एक सांगितलं. उन्हात लस मरते. म्हणून ज्याला कधीच टोचलेलं नाही अशा एखाद्या तान्ह्या मुलालाही त्याच नळीतून टोचा. त्याला फोड आला तर लस जिवंत. मगच कमळीच्या हातावर भरवसा ठेवायचा.

थर्मासमध्ये बर्फ, त्यात आठ नळ्या. गिरजा स्टेशनवर आली. तिने तंबाखूची पुडी काढून माझ्यापुढे धरली. मी खात नाही हे तिला माहीत आहे. घेतली.

१५ मे. चिचटोला.

छोट्या गाडीने नागभीड, तिथून बैलगाडी. घरी पोचले तेव्हा कमळी अंगणात मोहाच्या बिया फोडत होती. अंग गार. ताप नाही. तिला धरून बसले तर म्हणते, "बांगड्या आनल्या का?"

आधी तिचे डाग पाहिले. भिंग मागून आणलं होतं. ती हात हलवत होती, माझे डोळे भरत होते, काही धड दिसेना. खळगे आहेत असं एकदा वाटतं, नाहीत असं एकदा.

आई तांदूळ पाखडत होती. मी माझी बाही वर केली आणि फोड दाखवला. म्हटलं, हा काय आहे तुला कळतं ना. ती सूप खाली ठेवून पाहत राहिली.

मी बोलले ते इथे सगळं लिहिणार नाही. इतकी वर्षं मला फसवलंस म्हणाले. माझ्या पोरीच्या जिवाशी खेळलीस म्हणाले. परक्यांच्या लेकरांपाशी बसतेस आणि घरच्यांना भिलावा लावतेस. खरं सांग, कमळीचा डाग कशाचा आहे?

ती एवढंच म्हणाली, "तू शिकून आली ना? तूच पाह्य."

दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर हात उचलला असता मी.

कमळीला टोचलं. भोकाड पसरलं तिने. मग शेजारच्या धुरपताकडे गेले, तिचं बाळ दोन महिन्यांचं. धुरपता म्हणाली, "गुणाबाईले इचारतो." तिथूनच हाक मारली. आई अंगणातून म्हणाली, "लावू दे. शेनबिन लावू नको त्याच्यावर मातर."

हे तिला कोणी सांगितलं?

१६ मे

मेंढाटोल्याहून बोलावणं आलं, आणखी दोन घरांत देवी. आई लुगड्याची घडी काखेत मारून गेली. कमळीचा हात कोरा.

रात्री तिच्या कपाळाला दहा वेळा हात लावला. शेवटी तिनेच ढकलून दिला.

१७ मे

सकाळी कोरा. दुपारी जेवताना दंड खाजवायला लागली. मी ताट बाजूला सारून पाहिलं – पुटकुळी. लहान, लाल, हाताला टणक.

वाट पाहायची. बसते का ते पाहायचं.

१८ मे

तेवढीच आहे, वाढली नाही. धुरपताच्या बाळाचा हात कोरा. म्हणजे अजून काहीच ठरलं नाही. आई संध्याकाळी परतली, विहिरीवर आंघोळ करून, लुगडं उकळून मगच घरात आली. नवरदेवाचा भाऊ गेला. आईने कमळीला लांबूनच विचारलं, "हात खाजून राह्यला का व?" कमळी हो म्हणाली. आई भाकरी करायला बसली.

१९ मे

देवी गावात आली. दसरूच्या मुलीला. सात वर्षांची आहे, लग्नात तीही होती. चार दिवस ताप होता, आज तोंडावर दाणे आले.

दसरूला वाटतं गोवर असेल. "बाई, तिले तं डाग हायेत. दोन हायेत, पाहा ना." त्याने तिचा दंड पुढे केला. दोन डाग. मी पाहिले पण माझं चित्त कमळीत, नीट पाहिले नाहीत. म्हटलं, कधी हजारात एखाद्याला टोचूनही येते, असं डॉक्टर म्हणाले होते.

आई माझ्याबरोबर आली होती. ती पोरीशेजारी बसली नाही. आजवर असं झालं नाही. तिने तो दंड हातात घेतला, बराच वेळ पाहिला, मग उठून दारात जाऊन उंबऱ्यावर बसली. दसरूची बायको म्हणाली, "गुणाबाई, आत ये ना, मातेपाशी बस." आई उठेना. उन्हातून चालून आली, थकली असेल.

२० मे

कमळीची पुटकुळी सुकली. खपली सुद्धा धरली नाही, नुसता ठिपका.

धुरपताच्या बाळाला फोड धरलाय! पाहिला, पुन्हा पाहिला. लस जिवंत आहे. म्हणजे कमळीच्या शरीराने ओळखलं. म्हणजे तिला खरंच टोचलं होतं. डाग खरे आहेत.

धुरपताच्या दारात बसून रडले. तिला वाटलं बाळाचं काही वाईट झालं, तीही रडायला लागली. मग दोघी हसलो.

घरी आले. आई चुलीपाशी होती. म्हटलं, माझं चुकलं. मी तुला नाही नाही ते बोलले. ती म्हणाली, "नागभीडच्या बाजारात टोचलं तिले. तिथी टोचनीवाला बसते. पाठीवर नेलं, रडली व्हती लय."

मग माझ्या हातावर भिलावा का?

"सुगंधा गेली ना. तिले टोचलं, हात दुखे म्हनून मी शेन-राख लावली. पिकला. मले वाटलं सुईनंच गेली. मंग तुले नाई देल्लं त्याईच्या हाती."

सांगायचं होतं मला. मोठी झाल्यावर तरी.

"सांगनार व्हती," म्हणाली. "तुले नोकरी लागली, तू मास्तरीन झाली. तुले वाटे टोचली हाये. मंग राहून गेलं."

मी विचारलं, मग कमळीला का नेलंस? सुईची एवढी भीती होती तर तिला का टोचू दिलंस? तिने निखारे मागे ओढले, उठली आणि दसरूकडे गेली. उशिरा आली. आता तरी पाठ टेकवली आहे तिने, पण डोळे उघडे आहेत.

उद्या डॉक्टरांना कळवायचं. परवा चांद्याला परत. दोन आठवडे बुडाले नाहीत एवढंच नशीब. कमळीच्या उवा काढायच्या आहेत.

२१ मे

उजाडताना आईने उठवलं. काल विचारलं त्याचं उत्तर द्यायला.

"तीन साल झाले, एक लेकरू माह्या मांडीवर गेलं. मातेनं. त्याच्या हातावर दोन डाग व्हते. मीच पाडले व्हते, त्याची माय म्हने टोचनीवाला पकडते, गुणाबाई तू लावून दे. साऱ्या बाया येत, मी लावून देओ. ते लेकरू गेलं तवा मी कमळीले घेऊन नागभीडले गेली. बाकीच्याईले नाई सांगतलं. कोन्या तोंडानं सांगू?"

मला आधी समजलं नाही. म्हटलं, बाकीच्यांना म्हणजे कोणाला?

"गावात कमळीचा एकटीचाच खरा हाये, इंदे. बाकी सारे माह्या हातचे."

नळ्या सात उरल्या आहेत. नकाशावर चिचटोला हिरवा आहे, इकडे कोणी येणार नाही. वारलूभाऊला चिठ्ठी देऊन डॉक्टरांकडे धाडायचं, त्याला उठवायला जाते. आई माझ्या आधी दसरूच्या दारात जाऊन उभी आहे.